गाडी रात्री कुठे मुक्कामाला असते?

मंडळी, हल्ली आपल्या घरचं कुठलंही कार्य असो, लग्न असो की तेरावं, जेवणं आटोपून पुरुषमंडळी पान चघळत बसली की एक विषय हमखास निघतो. विजेची गाडी. त्यातली दोन वाक्यंही ठरलेली असतात. पहिलं: "अहो, रुपयात किलोमीटर पळते!" आणि दुसरं, जरा आवाज खाली आणून, आतली खबर दिल्यासारखं: "ज्याचं रनिंग जास्त आहे ना, त्यानं तर डोळे झाकून घ्यावी."

पहिलं वाक्य काही लोकांच्या बाबतीत खरं आहे, निदान खऱ्याच्या जवळपास आहे. दुसरं मात्र मला धोक्याचं वाटतं. रनिंग जास्त असलं की फायदा किलोमीटरमागे वाढत जातो हे कबूल. पण चुकलेला हिशेबही किलोमीटरमागेच वाढत जातो. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याचा अंदाज किलोमीटरला एका रुपयाने चुकला तर त्याचे पाचशे रुपये जातात. सिनेमा आणि हॉटेल एकदा रद्द केलं की भरून निघालं. पाच हजार किलोमीटरवाल्याचे पाच हजार जातात, आणि तेही दर महिन्याला. म्हणून मी म्हणतो, ज्याचं रनिंग जास्त त्याने डोळे झाकायचे नाहीत, उलट चष्मा पुसून घ्यायचा. :)

आता आपल्या भागात असे जास्त रनिंगवाले कोण? पुणे-मुंबईच्या लोकांना वाटतं मराठवाड्यात माणूस फार हलत नाही. त्यांनी एकदा नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या किंवा अहमदपूरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसून बघावं. औषधकंपन्यांचे एमआर, खरिपाच्या तोंडावर बियाणं-खताच्या कंपन्यांची माणसं, हुजूर साहिबचं दर्शन घेऊन बिदरच्या नानक झिराला निघालेले यात्रेकरू, हैदराबादला किंवा सोलापूरला पेशंट घेऊन निघालेली गाडी. आणि आपले नेहमीचे 'लातूर पॅटर्न'चे पालक, बारावीच्या पोराला डबा, रजई आणि उपदेश पोचवायला रविवारी निघणारे. नांदेड ते लातूर साधारण १४० किलोमीटर. जाऊन-येऊन २८०. महिन्यात अशा अठरा फेऱ्या झाल्या की पाच हजार किलोमीटर होतात. म्हणजे वर्षाला साठ हजार.

हा साठ हजाराचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. माझ्या भाच्याचं रनिंग आहे ते. नांदेडला राहतो, पिवळ्या पाटीची गाडी स्वतःच चालवतो, बहुतेक फेऱ्या लातूरच्या. जुनी डिझेल गाडी आता खर्चाला लागली आहे आणि नवी घ्यायची तर विजेची घ्यावी असं त्याच्या मनाने घेतलं आहे. डाऊन पेमेंटला दोन वर्षांच्या सोयाबीनमधून मागे पडलेले पैसे आहेत, आणि कमी पडले तर सुनबाईच्या पाटल्या गहाण ठेवायची भाषा चालू आहे. मला म्हणाला, "मामा, घेऊ का नको? एका शब्दात सांगा." एका शब्दात सांगता येत नाही म्हणून हे एवढं लिहितोय. घरातले बाकीचेही वाचतील, म्हणजे पंगतीत तेच ते बोलायला नको.

हिशेबाला २०२५ सालचे भाव धरतो. थोडं इकडेतिकडे होईल, पण चित्र बदलत नाही.

आधी तेलाच्या गाड्या. आपल्याकडे पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास. डेपो लांब, टँकरचं भाडं वर, त्यामुळे आपल्या भागातले भाव मुंबईपेक्षाही दोन पैसे जास्तच. एसी लावून सोळाचं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये, महिन्याला जवळपास ३२,८०० रुपये. डिझेल ९२ रुपये, अ‍ॅव्हरेज वीसचं. किलोमीटरला चार रुपये साठ पैसे, महिन्याला २३,०००. सीएनजी नव्वद रुपये किलो धरू आणि किलोला चोवीस किलोमीटर. पावणेचार रुपये किलोमीटर, महिन्याला १८,७५०.

इथेच पहिली गंमत बघा. पंगतीतला जाणकार नेहमी विजेची तुलना पेट्रोलशी करतो, कारण त्यात फरक सगळ्यात मोठा दिसतो. पण ज्याचं महिन्याला पाच हजार किलोमीटरचं रनिंग आहे तो पेट्रोल गाडी चालवतो कशाला? तो केव्हाच डिझेलवर किंवा सीएनजीवर गेलेला असतो. त्याची तुलना ३२,८०० शी नाही, १८,७५० शी व्हायला हवी. पहिलवानाची कुस्ती पहिलवानाशी लावायची, बघ्यांतल्या पोराशी नाही.

आता विजेची गाडी. ४५ युनिटांची बॅटरी असलेल्या नेक्सॉनचा कागदावरचा दावा एका चार्जमध्ये ४८९ किलोमीटरचा आहे. हा दावा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगाने, मे महिन्यात, एसी लावून आणि मागे चार माणसं व त्यांच्या पिशव्या घेऊन युनिटला साडेसहा किलोमीटर मिळाले तरी चांगलं म्हणायचं. शिवाय चार्ज करताना थोडी वीज वाटेत गळते. मीटरवर पडलेल्या प्रत्येक युनिटामागे सहा किलोमीटर धरा. म्हणजे पाच हजार किलोमीटरला साधारण ८३३ युनिटं.

आता खरा प्रश्न. ही ८३३ युनिटं कुठून आणणार?

सगळ्यात सोपं म्हणजे घरच्या बोर्डातून. पंधरा अँपियरचा प्लग, लावली पिन आणि झोपलो. पण घरगुती वीजबिलाचे टप्पे असतात हे आपण विसरतो. पहिली शंभर युनिटं स्वस्त, तीनशेपर्यंत महाग, तीनशेच्या वर आणखी महाग, पाचशेच्या वर त्याहून. घरात आधीच कूलर, फ्रीज, टीव्ही मिळून दोनशे युनिटं जात असतील तर गाडीची बहुतेक सगळी युनिटं वरच्या टप्प्यांत जाऊन पडतात. तिथे वहन आकार, वीजशुल्क सगळं धरून एक युनिट पंधरा रुपयांच्या वर जातं. सोळा धरू. झाले किलोमीटरला दोन रुपये सदुसष्ट पैसे, महिन्याला तेरा हजार तीनशे. 'रुपयात किलोमीटर' गेलं कुठे? ते शंभर युनिटांच्या पहिल्या टप्प्यात राहिलं.

दुसरा मार्ग गाडीसाठी वेगळं कनेक्शन घेण्याचा. विजेच्या वाहनांच्या चार्जिंगचा दर महावितरणच्या दरपत्रकात वेगळा आहे, तिथे घरगुती टप्प्यांची शिडी नाही. स्थिर आकार धरून युनिट नऊ-दहा रुपयांपर्यंत जातं असं समजू. दहा धरा. किलोमीटरला एक रुपया सदुसष्ट पैसे, महिन्याला आठ हजार तीनशे. गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हरही तोच. फक्त मीटर वेगळं, आणि महिन्याला पाच हजारांचा फरक. गाडीचा रंग ठरवायला लोक आठ दिवस लावतात आणि मीटरचा विचार गाडी दारात आल्यावर करतात.

तिसरा मार्ग रस्त्यावरच्या फास्ट चार्जरचा. तिथे कर धरून युनिटला अठरा ते पंचवीस रुपये पडतात. बावीस धरू. किलोमीटरला तीन रुपये सदुसष्ट पैसे, महिन्याला अठरा हजार तीनशे. हा आकडा जरा वरच्या सीएनजीच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. १८,७५० आणि १८,३००. साडेचारशे रुपयांचा फरक, आणि त्यासाठी रोज तास-तासभर चार्जरपाशी उभं राहायचं! पाठीमागे सवारी असताना एकदा भाच्याच्या मित्राला अर्धा तास चार्जर चालू होण्याचीच वाट बघावी लागली. सवारीने पैसे दिले, पण पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला केला. तो खर्च कुठल्याही तक्त्यात येत नाही. (सीएनजीच्या रांगेत पण वेळ जातोच की, असं कोणी म्हणेल. जातो. म्हणून तर मी दोघांना एका पारड्यात ठेवलं.)

चौथा एक मार्ग जाहिरातीत फार गोड दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली तेव्हा तिची किंमत ९ लाख ९९ हजार सांगितली गेली, पण बॅटरी सोडून. बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. ज्याला महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर चालवायची आहेत त्याला हे बरं पडू शकेल, कारण सुरुवातीला पैसे कमी घालावे लागतात. पण आपला पाच हजारवाला? साडेसतरा हजार नुसतं बॅटरीचं भाडं, वर स्वस्तात स्वस्त वीज आठ हजार तीनशे. बेरीज २५,८००. डिझेलपेक्षा जास्त! म्हणजे ज्या माणसाचं रनिंग जितकं जास्त, त्याला ही योजना तितकी महाग. आणि पंगतीत मात्र जास्त रनिंगवाल्यालाच ती सुचवली जाते.

आता कर्जाकडे येऊ, कारण हप्ता हाही किलोमीटरचाच खर्च आहे. सीएनजीच्या साध्या सेडानपेक्षा त्या कामाची विजेची गाडी आजही चार-पाच लाखांनी महाग पडते. विजेच्या गाडीवर जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांवरचा २८ टक्क्यांवरून १८ वर आला. सरकारने विजेच्या गाडीचं काही काढून घेतलं नाही, पण शेजारच्याला दिलं. शर्यतीत पुढे असलेल्याचं अंतर असंही कमी होतं.

हा जास्तीचा पाच लाखांचा भार दहा टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात टाकला तर हप्ता साधारण १०,६०० रुपयांचा. आता वेगळ्या मीटरवरची वीज घेतली तर सीएनजीच्या मानाने महिन्याला वाचतात १०,४५०. म्हणजे हातात उरलं काय? शून्याला दीडशे कमी. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच असलं काही नाही म्हणून सर्व्हिसिंगमध्ये हजार-दीड हजार सुटतील. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सवलत आहे, मोटार वाहन करात सूट आहे. ते सगळं धरून पारडं थोडं विजेकडे झुकतं, पण थोडंच. डिझेलशी तुलना केली तर हप्ता जाऊन चार हजार हातात राहतात, हे बरं. आणि मीटर घरचंच ठेवलं तर? सीएनजीच्या मानाने बचत साडेपाच हजार, हप्ता दहा हजार सहाशे. दर महिन्याला पाच हजार खिशातून. या खड्ड्यात सुनबाईच्या पाटल्या जाताना मला दिसतात.

वॉरंटीचंही बघून घ्या. पुष्कळ गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी हमी असते. आठ वर्षं ऐकून आपण खूश होतो. पण वर्षाला साठ हजारवाल्याचे एक लाख साठ हजार किलोमीटर दोन वर्षं आठ महिन्यांत संपतात. कर्जाचे हप्ते अजून सव्वादोन वर्षं राहिलेले, आणि गाडीतला सगळ्यात महाग भाग हमीबाहेर. २०२५ मध्ये काही मॉडेल्सवर पंधरा वर्षांची, किलोमीटरची मर्यादा नसलेली हमी जाहीर झाली. फार चांगली गोष्ट. पण ती कोणाला? पहिल्या मालकाला की दुसऱ्यालाही? पांढऱ्या पाटीला की पिवळ्यालाही? हे शोरूममध्ये तोंडी विचारायचं नाही, कागदावर बघायचं. बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तर माणसालाही मानवत नाही. जुनी डिझेल गाडी विकताना गिऱ्हाईक बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकतं आणि भाव सांगतं. बॅटरीला आवाज नसतो. तिच्या तब्येतीचा रिपोर्ट मागायची सवय आपल्या जुन्या बाजाराला लागेपर्यंत विकणाऱ्याने पडेल भावाची तयारी ठेवावी.

टोलमाफीच्या भरवशावरही राहू नका. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या कारना पूर्ण टोलमाफी सांगितली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू या तीन रस्त्यांवर. तिन्ही आपल्याला टीव्हीवर दिसतात. समृद्धी त्यातल्या त्यात जवळ, जालन्यापर्यंत येऊन पुढे निघून जातो. नांदेड-लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. तिथल्या टोलचे पैसे हिशेबात धरूनच ठेवायचे.

एवढं वाचून वाटेल की हा गृहस्थ विजेच्या विरोधात आहे. मुळीच नाही. मला तर वाटतं की ही गाडी आपल्या भागासाठीच बनली आहे, फक्त ती कोणाच्या हातात द्यायची ते नीट ठरवलं पाहिजे. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पेट्रोल-डिझेलही लांबूनच येतं. घरपोच आणि फुकट येतं ते फक्त ऊन. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. भाच्याच्या गाडीला दिवसाला अठ्ठावीस युनिटं लागतात, म्हणजे सात किलोवॉट. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान तीन किलोवॉटला ७८ हजार आणि त्यापुढे तेवढंच, तेव्हा बाकीचे पैसे आपलेच. मंजूर भारही वाढवून घ्यावा लागेल. आणि जुन्या वाड्याच्या माळवदावर हे बसत नाही, चांगला स्लॅब लागतो. पण ज्याच्याकडे छत आहे आणि एकदम पैसे घालायची ऐपत आहे, त्याचं 'रुपयात किलोमीटर' खरं होऊ शकतं.

एसटीने काय केलं ते बघा. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली होती. १ जून २०२२ ला विजेवरची पहिली 'शिवाई' सोडली तीही त्याच मार्गावर. त्यात इतिहासाचा मान होताच, पण माझ्या मते हिशेबाचं शहाणपणही होतं. ठरलेला रस्ता, ठरलेलं अंतर, आणि बस मुक्कामाला आपल्याच आगारात, आपल्याच चार्जरपाशी. कुठेही, केव्हाही, कोणी बोलावेल तिकडे, असं नाही.

माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. जास्त रनिंगवाल्याने 'माझे किलोमीटर किती?' हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न, 'माझी गाडी रात्री कुठे मुक्कामाला असते?' रोज रात्री आपल्या अंगणात, आपल्या वेगळ्या मीटरपाशी दहा तास उभी राहत असेल, आणि दिवसाचा पल्ला ठरलेला असेल, तर विजेची गाडी घ्या. बियाणं कंपनीचा माणूस, रोज ठरलेल्या तालुक्यांत फिरून घरी येणारा एमआर, रुग्णालयाच्या किंवा कॉलेजच्या करारावर लागलेली गाडी, या सगळ्यांना ती लाभेल. पण आज हैदराबाद, उद्या पुणे, परवा रात्री अकराला फोन आला म्हणून सोलापूर, आणि मुक्काम कुठल्यातरी लॉजच्या आवारात, अशी ज्याची रीत आहे, त्याची वीज बावीस रुपयांची. त्याने आज तरी सीएनजी किंवा डिझेलच चालवावी, आणि त्यात कमीपणा मानू नये.

भाचा या दोघांच्या मधला आहे. लातूरच्या अठरा फेऱ्या ठरलेल्या, रात्री गाडी घरी. ही जमेची बाजू. पण २८० किलोमीटर म्हणजे ४५ युनिटांच्या बॅटरीला जेमतेम, आणि जेमतेमवर धंदा होत नाही. लाईट गेली आणि पहाटे गाडी ऐंशी टक्केच भरली, तर सवारीला काय सांगणार? म्हणून लातूरला सवारी क्लासमध्ये किंवा दवाखान्यात असते तेवढ्या तास-दोन तासांत थोडी भर घालायची सोय त्याने आधी पक्की करावी. मग वेगळ्या कनेक्शनचा अर्ज भरावा. मग हमीचा कागद पिवळ्या पाटीच्या नावाने वाचावा. ही तीन कामं झाली की गाडी बुक करावी. एकही राहिलं तर जुन्या गाडीचं काम करून आणखी एक वर्ष काढावं.

आणि पाटल्या राहू द्याव्यात कपाटात. ज्या गाडीची बचत आणि हप्ता यांत दीडशे रुपयांचं अंतर आहे, तिच्यासाठी सोनं गहाण टाकायचं नसतं. गहाणाचं व्याज तेवढंही अंतर पहिल्याच महिन्यात खाऊन टाकेल. डाऊन पेमेंटला पैसे कमी पडत असतील तर पुढच्या सोयाबीनपर्यंत थांबावं. या गाड्यांची रेंज वाढतेच आहे आणि चार्जरही वाढतायत, तेव्हा थांबणाऱ्याचं यात नुकसान नाही.